लिफ्टची खांदमळणी

आठवीनंतर मी शाळेत गेले नाही. यवतमाळकडच्या गावातून पुण्यात आले, हिंजवडीतल्या एका कंपनीच्या बागेत खुरपं हातात घेतलं आणि चार वर्षांनी त्याच बागेचा छोटा ट्रॅक्टर चालवायला लागले. ट्रॅक्टर तरी कसला, मोठ्यांपुढे करडूच. पण चावी माझ्याकडे होती. ज्या साहेबांनी ती दिली त्यांचे उपकार मी मानतेच, आणि ती परत जाईल ही धास्तीही कधी सुटली नाही.

त्या श्रावणात इमारतीमागे नवं लॉन करायचं होतं. माती सपाट करायला ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पातं जोडलेलं. सीटच्या उजवीकडच्या लिव्हरने ते वर-खाली व्हायचं. पोळ्यापर्यंत काम झकास चाललं. मग पातं धक्के मारायला लागलं. लिव्हर जागेवर लावावी, चार पावलं जावं, की पातं गचकन मातीत. ओढून वर घ्यावं, तर एकदम उंच. मागे जमिनीवर नुसत्या लाटा.

साहेब येऊन उभे राहिले. "अहो बाई, आपण लॉन लावतोय. बटाटे नाही."

"मी बराबर चालवतो जी. त्यालेच काही झालं."

"उद्या मेकॅनिक येतील. मशीनमध्ये दोष निघाला तर ठीक. नाही निघाला, तर तुम्ही परत खुरप्यावर."

मला दोन्हीकडून भीती. दोष नाही निघाला तर माझा हात वाईट. आणि निघाला तर तो मीच घातलेला नसेल ना?

कारण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी एक उद्योग केला होता. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप लावून मळतात आणि सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. इथे बैल कुठून आणू? मी ट्रॅक्टर धुतला, तेलाची कुपी घेतली, आणि पातं उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन्ही दांड्या, त्यांचे सांधे, लिव्हरचं बूड, सगळं चोळून काढलं. आजूबाजूला कोणी नाही बघून आवतणही दिलं.

मेकॅनिक आले ते कसबा पेठेतले म्हातारे चाचा. स्कूटरवरून हत्यारांची पिशवी उतरवत म्हणाले, "कसब्यातून हिंजवडी! एवढ्या वेळात माझे अब्बा साताऱ्याला पोचायचे."

आधी त्यांनी लिफ्टचं तेल पाहिलं. "पातळी बरोबर. फेस नाही, म्हणजे हवा ओढत नाही." मग पातं वर उचलून इंजिन बंद केलं, पातं जरा उतरलं तर मोडेल अशी काडी त्याखाली उभी केली आणि म्हणाले, "आता चहा सांगा." चहा झाला तरी काडी तशीच उभी. "आतलं सील शाबूत आहे." मग स्वतः सीटवर बसून लिव्हर वर-खाली केली. पातं लोण्यासारखं चाललं.

शेजारी उभ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बाजूला गेले.

"आता तू चालव," चाचा मला म्हणाले. "मी बरोबर चालतो."

चार पावलं, आणि गचकन.

"आता लिव्हर हातात धरून ठेव."

धरली. अख्खा वाफा पार झाला, धक्का नाही.

"सोड हात."

पुन्हा गचकन. मी पात्याकडे बघत होते. चाचा लिव्हरकडे बघत होते. "पातं शहाणं आहे बेटा. लिव्हर घसरते, ते बिचारं तिचं ऐकतं." त्यांनी लिव्हरच्या बुडाशी बोट फिरवून वास घेतला. "इथली चकती कोरडी असली तरच लिव्हर धरून राहते. तेल कोणी घातलं?"

माहीत नाही म्हणता आलं असतं.

"मी," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. आवतणासकट.

ते हसले, पण मला हसले नाहीत. "बैलाच्या खांद्याला तूप लागतं. ह्याचा हा खांदा कोरडाच बरा." त्यांनी पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं आणि पाना माझ्याच हातात दिला. मी चकती काढली, पुसली, परत बसवली. स्प्रिंगवरचा नट किती आवळायचा ते त्यांनी दाखवलं. मग हळूच विचारलं, "साहेबांना काय सांगू?"

"मीच सांगतो जी," मी म्हटलं.

साहेबांनी चेहरा न हलवता सगळं ऐकून घेतलं.

"पुरणपोळी दिलीत का त्याला?"

"नाही जी."

"आवतण देऊन जेवायला घातलं नाहीत? मग धक्के नाही तर काय मारेल?" ते निघाले, आणि वळून म्हणाले, "त्या लाटा आज संध्याकाळच्या आत काढा."

खुरप्याचं काही बोलतील म्हणून मी थांबले. ते गेले होते.

मी सीटवर बसले. लिव्हर लावली. वाफ्याच्या मध्यावर हात उचलला. पातं होतं तिथेच. तरी दोन बोटं मी लिव्हरजवळ ठेवली. म्हटलं, असू द्यावीत.