दोन गावांचा पूल आणि पद्मिनीकाकू

तर काल आपण पुलापाशी थांबलो होतो. पूल जुना, धोक्याचा म्हणून बंद, आणि ओढ्याच्या अल्याडपल्याडची हॉलोवे अन् बर्चफील्ड ही दोन खेडी एकमेकांना दिसूनही दुरावलेली. दोन्ही मिळून टाउनशिप मात्र एकच. इंग्लंडात खेड्यांची पॅरिश असते, आपल्याकडे ग्रुप ग्रामपंचायत, तसलाच कारभार. आणि तिथे, मिशिगनच्या मक्याच्या शेतांत, आमच्या पद्मिनीकाकू!

मिशिगनमधल्याच ट्रॉय शहरात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्या आणि गुरुनाथकाकांना घेऊन हॉलोवेत येऊन राहिल्या. टाउनशिपची एक मीटिंग चुकवायच्या नाहीत. रस्त्यावर खडी कोण टाकतं, दफनभूमीतलं गवत कोण कापतं, सगळं कान देऊन ऐकायचं.

काका म्हणायचे, "अगं, टीव्हीवर याहून बऱ्या सिरियल लागतात."

"लागत असतील. पण त्यातल्या माणसांना मला प्रश्न विचारता येतात का?"

काकूंची मैत्रीण रूथ ओढ्यापलीकडे, बर्चफील्डला. वय झालेलं, ड्रायव्हिंग सुटलेलं. काकू रोज चालत तिच्याकडे जायच्या. आता चालत जायची सोयच उरली नव्हती. म्हणून पुलाचं काय करायचं ते ठरवणाऱ्या कमिटीत एक जागा रिकामी झाली, तेव्हा ती काकूंना मनापासून हवी होती.

भरल्या मीटिंगमध्ये अध्यक्ष डेल यांनी विचारलं, "पद्मिनी, तुम्ही याल कमिटीवर?"

आता बघा हं. ट्रॉयच्या मराठी मंडळींत कुणी पद देऊ केलं की आधी 'नको' म्हणायचं. लोक आग्रह करतात. मग जरा लाजायचं, आणि 'तुम्ही सगळे म्हणताच आहात तर' असं म्हणत खुर्ची घ्यायची. काकू सवयीने बोलून गेल्या, "छे छे, माझ्यापेक्षा अनुभवी माणसं आहेत की इथे!"

"ओके, थँक यू," डेल म्हणाले. "दुसरं कुणी?"

आग्रह नाही, काही नाही! काकू चाटच पडल्या. काका कुजबुजले, "थांब, परत विचारतील."

कसचं विचारतात! मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने हात वर केला, आणि त्याला तर पूल पाडूनच टाकायचा होता. डेल त्याचं नाव घेणार, तोच काकू ताडकन उभ्या राहिल्या.

डेल गोंधळले. "पण तुम्ही आत्ताच नाही म्हणालात ना?"

"म्हणाले, ते रीत म्हणून. आमच्याकडे पहिल्याच विचारण्यात हो म्हणणाऱ्याला हावरट समजतात. तर समजा मला हावरट, पण ती जागा मला द्या. पलीकडे रूथ वाट बघतेय."