मक्याच्या कणसाचं झबलं

पान हाती आलं की सिस्टर ते आधी पालथं करायच्या. एरंडाचं असो, पपईचं असो. मागून बोट फिरवत म्हणायच्या, “शिरा हिकडं असत्यात बघ. खरं विणकाम हिकडं.”

मी पारगावकडच्या वाड्यावस्त्यांवर आशा सेविका आहे. सिस्टर आमच्या उपकेंद्राच्या नर्स, माहेर निमगाव सावा. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्या स्वतः विणलेली टोपी घालायच्या, आणि एक टोपी दुसरीसारखी नसायची. मोबाइलवर नमुना बघून विणणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. सिस्टरांचा नमुना बांधावर असायचा. बाजरीचं कणीस, सुगरणीचा खोपा, शेताच्या वळणावर तिरप्या झालेल्या सऱ्या.

एकदा उसाच्या कडेला चिखलात बिबट्याचे ठसे उमटले. माणसं काठ्या घेऊन लांब उभी, आणि सिस्टर ठशावर वाकलेल्या. “चार बोटं, मागं गादी. टोपीवर लई छान बसंल.”

टोपी झालीही. ज्या बाळाला घातली त्याची आजी भडकली, “लेकराच्या डोक्यावर बिबट्या?”

“मग आता त्याच्या वाटंला कोण जातंय?” सिस्टर म्हणाल्या. आजी हसली आणि टोपी राहिली.

एका थंडीत मात्र गोष्ट टोपीवर भागली नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. मोठ्या दवाखान्यातून सोडली तेव्हाही जेमतेम दोन किलोची. राहायला उसाच्या वाळल्या पाचटाची खोपी, चहूकडून वारा. आईने तिला साडीच्या फडक्यांत गच्च बांधून ठेवलेलं. वजन करू देईना, पाजतानाही गाठोडं सोडीना. त्यामुळे मुलीला नीट पिता येत नव्हतं.

“उघडी केली की गार पडती. म्या न्हाई सोडायची,” ती म्हणाली.

मला राग आला होता. सिस्टर म्हणाल्या, “तुझंबी बरोबर हाय.” त्यांनी बाळ तिच्या छातीला लावून धरायला शिकवलं, वर घोंगडी टाकली, मूल नीट पिईपर्यंत तिथंच बसल्या. “उद्या येते,” म्हणून उठल्या.

परत येताना मक्याच्या शेताशी त्यांनी गाडी थांबवली आणि शेतकऱ्याला हाक मारली.

“भाऊ, एक कणीस घेऊ का?”

“चार घ्या की सिस्टर. भाजून खावा.”

“खायाला नगं. बघायला पायजे.”

बांधावर बसून त्यांनी कणसाचं एकेक पान सोललं आणि पुन्हा मिटवलं. सोललं, मिटवलं. “बघ, एक पान उघडलं तरी बाकीची दाण्याला धरून हायत. आपण झबल्याला बटनं लावतो, ती सोडली की सगळं लेकरू उघडं पडतं.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्या आदल्या रात्रीपासूनच विणायला बसल्या होत्या. पहिलं झबलं काखेत आवळत होतं, उसवलं. दुसऱ्याची पानं एकमेकांवर बसेनात, तेही उसवलं. मी म्हटलं, राहू द्या आता. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “जमतंय. दुपारनं जाऊ.”

दुपारी गेलो. झबल्याला बटण नव्हतं. लोकरीची चार पानं एकावर एक, कडेला एक नाडी. सिस्टरांनी ते घोंगडीखालीच, आईच्या कुशीत, मुलीला घातलं. आईने भीतभीत वरचं पान बाजूला केलं, मुलीच्या पोटावर हात ठेवला. हात तसाच राहिला. मग ती म्हणाली, “ऊन हाय की!” आणि वजनकाट्यासाठी मुलगी तिने आपणहून पुढे केली.

टोळी गावी परतली तोपर्यंत मुलीचं झबलं अपुरं पडायला लागलं होतं.

पुढे सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. नंतरच्या हंगामात ती बाई मुलीला चालवत उपकेंद्रात आली. खुर्चीवर नवी नर्स बघून दारातच थबकली. मी सिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

बाई पदराने डोळे पुसत राहिली. सिस्टर पोरीकडेच बघत होत्या. “पोरीला हात वर कर म्हणावं,” एवढंच म्हणाल्या.

पोरीने दोन्ही हात उंच केले. फोनमध्ये सिस्टरांचे ओठ हलत होते. त्या नव्या झबल्याचे टाके मोजत होत्या.