मच्छरदाणीतला जिताडा

शाळेत मी एकदाच चढलो, छपरावर, कौलं शाकारायला. त्यामुळं माझी अक्कल माशांनी दिलेली, तीबी उशिरा.

आमच्या पेणकडं भातशेतीच्या कडेला तळं आणि तळ्यात जिताडा. खाडीतनं बोटाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात वाढवायची, पाहुणा आला की मोठा मासा काढायचा. मी तर घरची मच्छरदाणीच खाडीला लावायचो. पिल्लं मला सापडायची, रात्री मी मच्छरांना. सगळा गाव तेच करायचा. मग एका साली मच्छरदाणीत नुसता चिखल आला. पुढच्या सालीबी चिखल. तळ्यात एकच उरला, मांडीएवढा. त्याच्या शेपटीचा कोपरा माझ्याच फावड्यानं उडालेला.

मला कोडं पडलं. तळ्यात वीस होते तेव्हाबी यांना पोरं कशी झाली नाय? बाजारातल्या कोळणीला विचारलं.

"दादा, अंडी घालाया खारं पाणी लागतं. आणि बारक्याच्या पोटात कधी गाभोळी बघितलीस? अंडी मोठ्यातच."

"म्हणजे बारके सगळे बापये? मोठेपणी बाई होतात?"

"तसंच दिसतंय. तुम्ही पोरं उचलता, आम्ही आया. खाडीनं काय करावं?"

घरी येऊन बायकोला म्हटलं, "आपला खाडीत सोडतो."

"अवो, लेकीचा सासरा पयल्यांदा जेवाया येतोय. डाळ वाढू?"

तिची लाज जाणार होती, तरी शनिवारी सकाळी ओल्या गोणीत गुंडाळून नेला. बांधाच्या उघाडीपाशी, जिथनं खाडीचं पाणी आत-बाहेर करतं, तिथं सोडला, म्हटलं, "जा गो बाय, माहेरी बाळंत हो."

रविवारी व्याही आले. रोह्याला कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, हातात जड पिशवी.

"घ्या व्याही! येताना पेणच्या बाजारात मिळाला. म्हटलं, तुमच्याकडं आता जिताडा राहिला नाय म्हणतात."

पिशवीतनं शेपटी बाहेर. कोपरा तुटलेला.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. विळीवर घेतला तर पोट गाभोळीनं गच्च.

"नशीब तुमचं!" व्याही म्हणाले.

मी दोनदा वाढून घेतलं. चव अशी होती की लाज वाटायची राहून गेली. ती नंतर वाटली, हात धुताना.

आता मच्छरदाणी खाटेवर हाय. उघाडीपाशी मात्र अजून जातो, वाकून बघतो, बोटाएवढं काय हलतंय का.

"बघा," बायको म्हणते, "नुसतं बघा."