खलाशाला राजपुत्र करणारा भाग

अंतराळाच्या पिक्चरचे मागचे भाग मी बघत नाही. मागचे म्हणजे कुठले? मालिका गाजते, पुढचं काही सुचेनासं होतं, मग ‘हे सगळं मुळात सुरू कसं झालं’ म्हणून जे नंतर काढतात ते. लोक म्हणतात, अहो, एवढ्या फॅन तुम्ही, आणि तो भाग बघितला नाही? बघितला की. एकदा बघितला आणि जन्माचा पुरला.

यंत्रमानवांची मालिका घ्या. पहिले दोन भाग काय झकास होते! मग निघाला मागचा भाग, आणि त्यात त्या खुनशी शास्त्रज्ञाचं बालपण. त्याचं कुत्रं मेलं म्हणे, म्हणून त्यानं यंत्रं बनवली. अरे, कुणी विचारलं होतं? परग्रहावरच्या किड्यांचंही तेच. तो किडा कुठून आला हे ठाऊक नव्हतं तोवर आमची टरकायची. त्याचा जन्मदाखला दाखवला आणि तो आमच्या लॅबमधल्या झुरळाइतकाच उरला. पुढचा भाग काढायला धमक लागते. मागचा भाग काढायला नुसतं आजोबांचं नाव काढलं की भागतं.

माझं हे मत ऐकून हल्लीची पोरंपोरी हसतात. हसू देत. मला ते फुकट मिळालेलं नाही.

माझी लाडकी मालिका एका खलाशाची. दौंडच्या रेल्वे कॉलनीत नव्यानं केबल आली, तेव्हा केबलवाला सुट्टीच्या दुपारी हिंदीत डब केलेले इंग्रजी पिक्चर लावायचा. त्यात ती पहिल्यांदा बघितली. एक अवाढव्य जहाज ताऱ्यांमधून चाललंय. त्यात इंजिनं पुसणारा, तेलकट कपड्यांतला एक खलाशी. जहाज अशा काळोखात शिरतं की सगळी यंत्रं बंद पडतात आणि सुकाणूवरचे साहेब लोक हात टेकतात. मग हा खलाशी डोळे मिटून बसतो, ताऱ्यांचा आवाज ऐकतो आणि जहाज बाहेर काढतो. ही विद्या त्याला इंजिनखोलीतल्या एका म्हातारीनं शिकवलेली असते. ती त्याला म्हणते, ऐकू सगळ्यांनाच येतं. तुला आजवर कुणी ऐकायला बसू दिलं नव्हतं, एवढंच.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी होते. त्यांच्या पोस्टचं नावच ते. टीव्हीवर तो शब्द ऐकला आणि आप्पा खाटेवरून उठूनच बसले. “अगं, ह्यो तर आपल्याच ग्रेडचा हाय!” त्या दिवसापासून मालिका आमच्या घरची झाली. तिन्ही भाग आम्ही इतक्यांदा बघितले की आई वैतागून म्हणायची, “त्याला म्हणावं आता उतर, आन् दळण घिऊन ये.” बारावीला केमिस्ट्रीचं पुस्तक बघून मला रडू फुटायचं, तेव्हा आप्पा दटावायचे, “बस खाली. बसल्याबिगर कसं ऐकू येईल?” आणि मी बसायची.

बीएस्सी झाले आणि कुरकुंभला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले. कंपनीच्या बसमध्ये मला तो भेटला. तो प्रॉडक्शनला होता. घर शिरूरजवळ, कांदा आणि झेंडूची शेती, आणि नोकरीसाठी दौंडात खोली करून राहायचा. मागच्या सीटवर बसून तो कुणाला तरी सांगत होता की खलाशाच्या मालिकेत दुसरा भागच सगळ्यात भारी. मी मागं वळून म्हटलं, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” आमचं प्रेम असं सुरू झालं.

बसमध्ये जाताना भांडण, शिफ्ट सुटली की येताना तेच भांडण पुढं चालू. बाकीचे ओरडायचे, “अरे, जहाज खाली घ्या आता, गेट आलं!” दुसऱ्या भागातली लढाई खरी की पहिल्या भागातली शांतता खरी, यावर आम्ही महिनेच्या महिने काढले. माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकणारा दुसरा पुरुष मी तोवर बघितला नव्हता. मला तो हवा होता, लग्न करून, कायमचा. त्यात लाजायचं काय? आम्ही बौद्ध, तो मराठा, हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत होतं. आमचं आडनाव मात्र असं की ते त्यांच्यातही असतं, नुसतं ऐकून काही कळत नाही. आप्पा म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. पर त्याच्या घरच्यांनी व्हय म्हणाय पायजे.” तो म्हणाला, घरचं माझ्याकडं लागलं. मी विश्वास ठेवला.

आणि त्याच साली तो मागचा भाग आला.

आम्ही शटलनं पुण्याला गेलो, पहिल्या आठवड्यातच. दौंड सोडल्यापासून मी उड्या मारत होते. आणि टॉकीजमध्ये काय दाखवावं त्या नालायकांनी? आमचा खलाशी मुळात खलाशी नव्हताच! तो म्हणे ताऱ्यांच्या राज्याचा राजपुत्र. शत्रूपासून वाचवायला त्याला बाळपणी इंजिनखोलीत लपवलेलं. त्याच्या रक्तात चांदी वाहते, म्हणून त्याला ऐकू येतं. आणि ती म्हातारी? ती त्याच्या राजवाड्यातली दाई! म्हणजे तिनं त्याला सांगितलं ते सगळं खोटं. ऐकू सगळ्यांना येत नाही. ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनाच येतं.

माझी कानशिलं तापली होती. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. तो मात्र खुशीत.

“आता कुठं पटलं बघ,” तो म्हणाला. “नाहीतर एका खलाशानं एवढं जहाज काढायचं म्हणजे जरा अतीच होतं.”

“इतकी वर्षं तुला अती वाटत होतं?”

“अगं, पिक्चर आहे तो!”

मी गाडी दौंडला लागेपर्यंत भांडले. मग मीच मनाशी म्हटलं, जाऊ दे बाई, पिक्चर आहे तो.

दिवाळीनंतर तो मला घरी घेऊन गेला. एसटीत न्हावरं मागं पडलं तसं म्हणाला, “तू जास्त बोलू नको हं. मी बोलतो.” मला वाटलं, पोरगा घाबरलाय. मीही घाबरले होते. नवी साडी नेसले होते आणि सारखा पदर सावरत होते.

त्याची आई दारातच आली. “ये बाई, दमली असशील,” म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला कुंकू लावलं, बेसनाच्या लाडवांची ताटली हातात दिली. घरात सगळे हसत होते. माझा जीव असा हलका झाला! म्हटलं, उगीच भ्यालो आपण, माणसं किती मोठ्या मनाची आहेत. मग त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते माझ्याकडं वळले.

“मग तुमची पाटीलकी कुठल्या गावची म्हणायची?”

“साताऱ्याकडची, आबा,” मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. “दुष्काळात जमिनी गेल्या, म्हणून हिचे आजोबा रेल्वेत आले. न्हाईतर लई मोठं घराणं.”

आबांनी समाधानानं मान हलवली. “असू द्या. घराणं पांगतं, मोडत न्हाई.”

क्षणभर मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग उलगडलं. माणसं मोठ्या मनाची नव्हती, त्यांना काही सांगितलंच नव्हतं. यानं मला मागचा भाग जोडून दिला होता. माझ्या रक्तात चांदी भरली होती, म्हणजे मी या घरात बसलेली त्यांना अती वाटणार नाही.

मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. बोलायचीही गरज नव्हती. तो माझ्याकडं बघत होता, डोळ्यांनी विनवत होता, आणि मला तो हवाच होता. मी आप्पांच्या तोंडून आजोबांबद्दल जे ऐकलं होतं ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

“आबा, आमची पाटीलकी नव्हती,” मी म्हटलं. “माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. ते काम नको म्हणून गाव सोडून दौंडला आले आणि इंजिनात कोळसा टाकायला लागले. वडील शेडमध्ये खलाशी आहेत. आम्ही बौद्ध आहोत. मी लॅबमध्ये आहे ती अभ्यास करून.”

कुणी ओरडलं नाही. आबा मुलाकडं बघून म्हणाले, “तू तर म्हणला हुतास...” त्याच्या आईची नजर माझ्या हातातल्या ताटलीवर गेली. बाई वाईट नव्हती, पण नजर गेली. मग मी तो लाडू पूर्ण खाल्ला. सावकाश, सगळ्यांसमोर. “छान झालाय, काकू,” म्हटलं, ताटली त्यांच्यासमोर ठेवली आणि चप्पल घातली.

तो एसटी स्टँडपर्यंत मागं आला. मला वाटलं, माफी मागेल. तो रागावला होता.

“काय गरज होती? त्यांना तू आवडली होतीस!”

दौंडची गाडी लागत होती. तो इतका जवळ उभा होता की त्यानं नुसता हात पुढं केला असता तर मी थांबले असते. असा जीव होता माझा त्याच्यावर.

“मी हळूहळू सांगितलं असतं गं त्यांना,” तो म्हणाला. “तोवर लग्न तर झालं असतं ना आपलं!”

“लग्न झालं असतं की,” मी म्हटलं. “त्या पाटलाच्या लेकीशी झालं असतं. त्यात मी कुठं होते?”