यमुताईंचं बोट

नंदनवन वस्तीत राहणाऱ्या यमुताई गजभिये सतरा वर्षं डोळ्यांच्या एका दवाखान्यात सिस्टर आहेत. लेझरने चष्म्याचा नंबर काढायच्या खोलीत त्यांचं मुख्य काम बोलण्याचं. तिथे बाकी सगळं मशीन करतं, पण माणसाला धीर देणं काही मशीनला जमत नाही.

लेझर तिथे दोन आहेत. पहिला बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बारीक बुडबुड्यांची चादर पेरतो आणि केसाच्या जाडीचा पापुद्रा मोकळा करतो. डॉक्टर तो पापुद्रा पान उलटावं तसा बाजूला करतात. मग दुसरा लेझर खालचा पडदा नंबराप्रमाणे तासतो, आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसतो. पहिल्या लेझरच्या वेळी डोळ्यावर काचेची छोटी वाटी टेकवून हवेच्या ओढीने चिकटवतात. तेव्हा वीसेक सेकंद समोर अंधार होतो. त्यात कोणी दचकलं तर वाटी सुटते. म्हणून यमुताई कानाशी वाकून सांगत राहतात, "हलायचं नाई. आता अंधार होईन. मी आहे न इथं. वीस, एकोणीस, अठरा..." त्या आवाजाच्या आधाराने हजारो माणसं या खोलीतून पार झाली.

गेल्या वर्षी पारशिवनीकडचे चंपतराव आपल्या मुलीला घेऊन आले. श्वेता चोवीस वर्षांची, सीताबर्डीवरच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. चष्मा जाड. चंपतराव म्हणाले, "मॅडम, पोरीले जन्मापासून ऐकू येत नाई. चष्म्यावर वाफ आली का लोकायचे ओठ बी दिसत नाई न हात बी. मागच्या महिन्यात कढई घेऊन येणारा माणूस दिसलाच नाई तिले. थोडक्यात वाचली."

डॉक्टर अरुंधतींनी तपासण्या केल्या. पडद्याची जाडी पुरेशी होती, आकार सरळ होता. तरी यमुताईंना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "एक डोळा झाकलेला, दुसऱ्यापुढे अंधार, आणि आपण सगळे मास्कमध्ये. तिला सांगणार कसं?"

"एक दुपार द्या मले," यमुताई म्हणाल्या. "हात तं आहे न तिचा."

त्या दुपारी रिकाम्या खाटेवर श्वेताच्या डोळ्यांवर टॉवेल टाकून सराव झाला. यमुताईंनी सहा खुणा ठरवून आणल्या होत्या. श्वेताने त्यांचा हात मधेच अडवला, उठून बसली आणि मोबाइलवर लिहिलं, "इतक्या लक्षात राहत नाहीत. तीन ठेवा." तिनेच त्या ठरवल्या. तळहातावर अंगठा दाबला की समोर पाहायचं. मनगटावर बोटाची टकटक म्हणजे एकेक सेकंद. मूठ मिटवली की संपलं. तिच्याकडून एकच खूण: मधेच थांबायचं असेल तर ती डाव्या हाताचं बोट उचलणार. शेवटी तिने लिहिलं, "टकटक चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असं मी समजेन."

ऑपरेशनच्या दिवशी उजव्या डोळ्यावर वाटी बसली, ओढ सुरू झाली. यमुताईंचं बोट मनगटावर पडू लागलं. सहाव्या टकटकीला डॉक्टर म्हणाल्या, "डोकं सरकतंय, धरा." सतरा वर्षांची सवय! यमुताईंचा हात मनगट सोडून कपाळाकडे गेला.

श्वेताचं सगळं अंग ताठ झालं, मान हिसकली आणि वाटी सुटली. मशीनने शिटी मारून स्वतःला बंद केलं. लेझर अजून सुटलाच नव्हता, पडद्याला ओरखडासुद्धा नव्हता. पांढऱ्या भागावर तेवढं लाल कडं उमटलं होतं.

"घाबरली ती," डॉक्टर म्हणाल्या. "आज राहू द्या."

यमुताई गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं.

"ती नाई घाबरली, मॅडम. माझं बोट थांबलं."

बाहेरच्या खोलीत श्वेता चष्मा लावून बसली होती. चंपतराव तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. यमुताईंनी मास्क काढला, तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि हळूहळू, ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या, "तुई चूक नाई वं. डोकं धराले गेली मी, तुया हात सोडला. चूक माई आहे."

"राहू द्या आता, बाई," चंपतराव म्हणाले. "डोळ्यावरच तं चालते तिचं सारं. थो गेला तं मंग काय उरते पोरीजवळ?"

श्वेताने मोबाइल घेतला. लिहिलं, "डोकं दुसऱ्या कोणी धरा. तुम्ही फक्त माझा हात."

डॉक्टरांनी डोळा पुन्हा तपासला, तासभर थांबवलं, बापलेकीला पुन्हा विचारलं. डोकं धरायला सोनिका नावाच्या नव्या सिस्टरला उभं केलं. वाटी बसली. अंधार झाला असावा, कारण श्वेताचा श्वास अडकला. पण मनगटावर बोट पडत होतं, आणि ती हलली नाही. वीस टकटकी झाल्या. पापुद्रा उलटला. दुसऱ्या लेझरची चटचट सुरू झाली, केस जळल्यासारखा वास आला. यमुताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. आवाजाने मोजायला गेलं की बोट चुकेल, अशी भीती वाटत होती. डावा डोळाही झाला. त्यांनी श्वेताची मूठ मिटवली.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये पहिला प्रयत्न फसल्याचं कारण लिहायचं होतं. "पेशंट हलली, एवढं पुरे," डॉक्टर म्हणाल्या. यमुताईंनी लिहिलं, "सिस्टरने हात सोडला, म्हणून पेशंट हलली." खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी श्वेताने तक्त्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंतची अक्षरं लिहून दाखवली. काही महिने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत, डोळे कोरडे पडत; थेंब घालत ती महिन्याभराने पुन्हा भटारखान्यात उभी राहिली.

यमुताई येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. त्यांचं काम आता सोनिका शिकते आहे. परवा एका पेशंटच्या वेळी तिने विचारलं, "ताई, याले तं ऐकू येते. मंग हात काहून धराचा?"

"धर," यमुताई म्हणाल्या, आणि मोजायला लागल्या.