वत्सलाबाईंच्या गुडघ्यातली रिकामी घरं

आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत गुडघे येतात, माणसं येत नाहीत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या कूर्चेचे, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत अस्तराचे, पातळ काप करायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे माझं काम. त्यामुळे वत्सलाबाई काठी टेकत दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी चक्रावलेच.

"ताई, माझा गुडघा हितं हाय म्हणं. मला बघायचाय."

बाई विंचूरच्या. सगळा जन्म खळ्यावर उकिडवं बसून कांदा निवडण्यात गेला. तिथे टोळीची मजुरी सगळ्या बायकांत सारखी वाटतात, म्हणून गुडघा धरून सारखी उठणारी बाई बाकीच्यांच्या डोळ्यांवर येते. टोळीची मुकादम यांचीच धाकटी जाऊ, आशा. तिनं चारचौघींत सुनावलं, "बाईंना काम नको, नुसती सोंगं," आणि टोळीतून काढलं.

"ऑपरेशनचं काय नाय वाटलं," बाई म्हणाल्या, "पण मी कामचुकार नव्हते, एवढं तिला कळाया पायजे."

मला त्या न पाहिलेल्या आशाची अशी चीड आली म्हणून सांगू. म्हटलं, घेऊनच या तिला.

दवाखान्यातल्या पुढच्या तपासणीच्या दिवशी दोघी आल्या. आशाबाई तोंड फुगवून. मी आधी निरोगी कूर्चा दाखवली: वरून गुळगुळीत, पेशी आपापल्या घरात निवांत. मग वत्सलाबाईंची. वरच्या थराच्या चिंध्या झालेल्या. कुठे एकाच जागी पेशींचा घोळका, कुठे घर नुसतंच रिकामं.

"झीज भरून काढायला या पेशी वाढतात," मी मुद्दाम ठासून सांगितलं. "मरमर राबतात, तरी झीज पुढंच जाते. मग मरतात आणि घर ओस पडतं. याला सोंग म्हणायचं का?"

आता वत्सलाबाई जावेला फैलावर घेणार, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं.

आशाबाईंनी भिंगावरचा डोळा काढला नाही. तसंच बघत हळूच म्हणाल्या, "हे व्हायच्या आधी काय व्हतं, ताई? उठताना कळ येती?" त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता.

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"कवापासनं गं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"तुमाला काढलं त्याच्या आधीपासनं. मुकादमच उठाया लागली, तर बाकीच्या बसतील का?"

वत्सलाबाई जावेचा दंड धरून म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे. उद्या टोळीत सगळ्यींम्होरं तुझं दुखतंय ते सांग."