आता उतरून दाखव

तुम्ही गाडी घ्यायला जाता तेव्हा आधी काय बघता? खरं सांगा. रंग. मग दार उघडून आत बसता, स्टिअरिंगवरून हात फिरवता, आरशात स्वतःचंच तोंड न्याहाळता आणि शेजाऱ्याचं तोंड कसं पडेल या विचारानं मनातल्या मनात खूश होता. त्या गाडीतून उतरायचं कसं, हे बघितलंय कधी? नाही ना? मग गप बसा आणि आमच्या फळीवाल्या मावशीची गोष्ट ऐका.

मावशी मोठ्या दवाखान्यात सव्वीस वर्षं आया होती, डायलिसिसच्या वॉर्डात. ज्यांची किडनी थकली त्यांना आठवड्यातून तीनदा तिथे चार-चार तास मशीनला जोडून घ्यावं लागतं, रक्त साफ करायला. एक पाळी चुकली की अंग सुजतं, दोन चुकल्या की जिवावर बेततं. आणि पाळी चुकते ती बहुतेक वेळा गाडीवाचून. चाकाची खुर्ची दिसली की भाड्याचा गाडीवाला नजर फिरवून निघून जातो. मावशीनं हे सव्वीस वर्षं बघितलं. निवृत्त झाली त्याच महिन्यात तिनं एक जुनी, चौकोनी, डब्यासारखी गाडी घेतली आणि मग ती चालवायला शिकली. होय, याच क्रमानं.

फळी म्हणजे मोडक्या कपाटातला एक कप्पा. घासून, मेण लावून गुळगुळीत केलेला. चाकाची खुर्ची गाडीला भिडवायची, फळीचं एक टोक खुर्चीवर, दुसरं गाडीच्या सीटवर, आणि माणूस अलगद सरकत आत. उचलाउचल नाही, ‘धरा, धरा’ नाही. कारण सीट आणि खुर्ची एकाच उंचीची. गाडी घेताना मावशी वॉर्डातली खुर्ची आणि शिंप्याची टेप घेऊन गेली होती. इंजिन तिनं नंतर बघितलं.

अकरा वर्षं मावशीनं पेशंटांची अशी ने-आण केली. मग दवाखान्यात नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी नोटीस लावली : पहिल्या तारखेपासून जुन्या गाड्यांना आतल्या गेटवर बंदी. आतलं गेट म्हणजे वॉर्डाचं दार. बाहेरच्या गेटपासून तिथवर चढ आहे. तो चढ खुर्ची ढकलत कोण चढवणार होतं? मावशी सत्तरीला टेकलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुग्ण समितीत मला सगळे भांडखोर म्हणतात आणि ते नाव मी मेहनतीनं कमावलंय. पण यावेळी मावशीच्या घरी मीही व्यवस्थापकांच्याच बाजूनं बोलले. “मावशी, घेऊन टाक नवी. गाडी खरंच खिळखिळी झालीय.”

तिचा मुलगा विजेची कामं करतो. तो तर वर्षभर हेच म्हणत होता. “आई, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. चांगली ऑफर आहे.”

“मग मलाही त्यातच दे. माझेही गुडघे वाजतात.”

“चेष्टा नको गं. रस्त्यात बंद पडली तर?”

गाडीत तीन पेशंट असतात, आणि गाडी बंद पडण्याची भीती तिलाही होतीच. “बरं,” ती म्हणाली, “रविवारी बघायला जाऊ. पण काका बरोबर येतील.”

काका म्हणजे आमचे शिंपीकाका. एक पाय साखरेनं नेला, आणि डाव्या हातात डायलिसिसच्या सुया जातात, म्हणून त्या हातावर भार द्यायचा नाही. जीभ मात्र शाबूत. “मला कशाला नेतेस? गाडीचं माप घ्यायला?”

“हो.”

शोरूममध्ये टायवाला पोरगा पुढे आला. “मॅडम, आधी बसून तर बघा!” मावशी बसली. बटण दाबलं, काच खाली. दाबलं, काच वर. सात वेळा केलं तिनं, मी मोजलं. गार हवेच्या झोतापुढे तोंड धरून डोळे मिटले. तिला गाडी आवडली, अगदी मनापासून आवडली. मुलगा माझ्याकडे बघून हसला. झालं काम, असं मलाही वाटलं.

मग मावशी बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, “फळी आण.”

नव्या गाडीची सीट खुर्चीपेक्षा चार बोटं खाली. काका फळीवरून सुर्रकन आत. “बघा!” टायवाल्यानं टाळीच वाजवली. “किती सोपं!”

“छान,” मावशी म्हणाली. “काका, आता उतरा.”

फळीला आता चढ लागला होता. काकांनी उजव्या हातानं जोर लावला, वीतभर वर आले, परत घसरले. दुसऱ्यांदा डावा हात टेकायला गेले तशी मावशीनं तो वरच्यावर धरला. “तो हात नाही!” शेवटी मुलानं त्यांना काखेत धरून ओढून काढलं. डोकं दाराला आपटलं ते वेगळंच.

“आज हे ताजेतवाने आहेत,” मावशी म्हणाली. “मशीनवरून चार तासांनी उठलेला माणूस कसा असतो, माहितीये? पिळलेल्या फडक्यासारखा.” मग टायवाल्याकडे वळली. “तू बस बरं आत. पाय उचल. डावा हात छातीशी. आता उतरून दाखव.”

बिचारा खरंच बसला. घोळ झाला तो त्याच्या टायचा. ती फळीखाली अडकली आणि तो जितका वर सरके तितकी टाय त्याला खाली ओढे. काका म्हणाले, “पोरा, कापू का? कात्री आहे माझ्याकडे.”

मग त्यानं दुसरी, उंच गाडी दाखवली. तिची सीट पाच बोटं वर. तिथे उतरणं सोपं, चढणं अवघड. तिसरीची सीट खोलगट, फळी तिच्यावर डुगडुगली. मुलाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. अकरा वर्षांत तो आईबरोबर एकदाही फेरीला गेला नव्हता. परत येताना एवढंच म्हणाला, “मी आधी विचारायला हवं होतं.”

“आता विचारलंस ना? मग गाडी तपास.”

सोमवारी आम्ही व्यवस्थापकांपुढे उभ्या राहिलो. मी आवाज चढवला. त्यांनी कान खाजवला. “जुनी गाडी म्हणजे धोका. चार दिवसांत फिटनेसचा ताजा दाखला आणा. मिळाला तर आत या. नाहीतर नवी गाडी घ्या किंवा बाहेरच्या गेटवर उतरवा.” आणि हसले. दाखला मिळणार नाही याची त्यांना खात्री होती.

तीन दिवस मुलगा गाडीखाली होता. ब्रेक, दिवे, सायलेन्सर, सगळं त्यानं स्वतः केलं किंवा समोर उभं राहून करून घेतलं. चौथ्या दिवशी तपासणीच्या लायनीत उभे राहिलो. ब्रेक? ठीक. दिवे? ठीक. धूर? तपासनीस म्हणाले, “नव्या गाड्यांना लाजवेल.” मावशीची मान ताठ झाली. “हॉर्न वाजवा.”

मावशीनं हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शांतता.

“हॉर्न नाही?”

“आहे की. मीच झोपवलाय त्याला.”

परतीच्या वाटेवर पेशंट झोपतात. फार पूर्वी एकदा मावशीनं हॉर्न दिला, काका दचकले, सुईचा हात दारावर आपटला, पट्टीतून रक्त आलं. त्या दिवशी तिनं वायर उपसली. तेव्हापासून बाई हळू चालवते आणि कुणी आडवं आलं तर खिडकीतून हात काढून वॉर्डातल्यासारखी म्हणते, “जरा सरका, बाबा.” मुलानं तीन दिवसांत सगळी गाडी तपासली, पण जे आई कधी वाजवत नाही ते वाजवून बघायचं त्याला सुचलंच नाही.

तपासनीस ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, माझ्या कागदावर ‘पेशंट झोपलेत’ असा रकाना नाही. मागे चार गाड्या आहेत. त्या होईपर्यंत वाजला तर वाजला.”

“वायर कुठे आहे?” मुलानं विचारलं.

“आता आठवतंय का मला?”

“आई!”

मी तपासनीसांवर तोंड सोडणारच होते. मावशीनं माझ्या हातात टॉर्च कोंबली. “भांडू नकोस. उजेड धर.” जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं तरी मुकाट ऐकलं. तिसरी गाडी पुढे सरकली तेव्हा डॅशबोर्डच्या मागे, टेपमध्ये गुंडाळलेलं वायरचं टोक सापडलं. चौथी गाडी निघाली आणि हॉर्न असा काही बोंबलला की तपासनीसांच्या हातातलं पेन उडालं. त्यांनी ते उचललं आणि सही ठोकली.

पहिल्या तारखेला सकाळी गाडी आतल्या गेटवर उभी राहिली. काचेवर कोरा करकरीत दाखला. व्यवस्थापकांनी वाकून वाचला, एकदा पुढून, एकदा बाजूनं.

“वाजव, मावशी!” काका मागून ओरडले. “कळू दे सगळ्यांना!”

“गप. वॉर्डात माणसं झोपलीयत.”

तेव्हा काकांनी तोंडानंच सुरू केलं : “पों! पों!” दुसऱ्यानं साथ दिली, तिसऱ्यानं दिली. पहारेकऱ्यानं हसत गेट उघडलं आणि आजवर डॉक्टरांनाही न ठोकलेला सलाम ठोकला. व्यवस्थापक बाजूला सरले. मावशीनं खिडकीतून हात काढला आणि गोड आवाजात म्हणाली, “जरा सरका, बाबा.” खरं तर वाट मोकळीच होती.

मुलगा आता दर रविवारी गाडी बघतो. हॉर्नसकट.

म्हणून तुम्हाला सांगते. घरातल्या थकल्या माणसासाठी गाडी घ्यायला निघालात तर त्या माणसाला बरोबर न्या, आणि सही करण्याआधी त्याला एकदा आतून बाहेर येऊ द्या. आणि रस्त्यात कधी एखादी चौकोनी, डब्यासारखी गाडी तुमच्यापुढे हळूहळू चाललेली दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. मागे कुणीतरी आत्ताच झोपलंय.